रोलरखालची माती

माझ्या मामाला सगळे 'फाटक' म्हणायचे. ते त्याचं आडनाव नव्हतं, कामामुळे पडलेलं नाव होतं. वस्तीच्या शेवटच्या रस्त्यापलीकडे जे मोठं कुरण आहे त्याचा तो राखणदार होता, आणि कुरणाचं लोखंडी फाटक कधी उघडायचं नि कधी लावायचं हे तो एकटा ठरवायचा. मामीला लोक तोंडावर 'फाटकवहिनी' म्हणत. ती चिडायची. मामाला मात्र ते मनातून आवडायचं.

त्या कुरणाची माती काळी, चिकण. पाऊस पडला की ती फुगते आणि पायाला अशी धरते की पाऊल पुढे येतं, चप्पल मागे राहते. वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. काही भेगांत हात कोपरापर्यंत सहज जातो. नवख्या माणसाला वाटतं, जमीन मेली. मामा म्हणायचा, "अगं, उलट आहे. भेगा पडल्या की हवा आत जाते, पुढच्या पावसाचं पाणी खोल उतरतं, बेडकांची नि सरड्यांची उन्हाळ्याची सोय होते. ही माती स्वतःच स्वतःला नांगरते. आपण फक्त तिच्या मध्ये यायचं नाही." मध्ये यायचं नाही म्हणजे ओली असताना तिच्यावर वजन टाकायचं नाही. ओल्या चिकणमातीवर जड काही गेलं की आतली छिद्रं मिटतात, आणि मग ना पाणी जात, ना मूळ.

फाटक उघडायचं की नाही हे ठरवायची मामाची रीत साधी होती. सकाळी जायचं, वीतभर खणायचं, चिमूटभर माती घेऊन तळहातावर वळायची. वातीसारखी लांब वळली, तर फाटक बंद. वळता वळता तुटून भुगा झाली, तर वाफसा आला, फाटक उघडं. मग गाई आत, सायकलवाले आत, घोडेवाले आत, सकाळी फिरणारे आत. टिटव्यांना परवानगी लागत नसे. कुरणात एक खोलगट भाग होता; त्याच्या कडेला, गाईंनी चरून आखूड केलेल्या गवतात त्या अंडी घालायच्या. त्या दिवसांत तेवढ्या भागाचं आतलं छोटं फाटक मामा लावून घ्यायचा.

या नियमात त्याने कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. वस्तीतले दातांचे डॉक्टर कुरण समितीचे अध्यक्ष. एकदा ते पाहुण्यांना घेऊन फिरायला आले, तर मामाने तळहातावरची मातीची वात त्यांच्या नाकासमोर धरली आणि सगळ्यांना परत पाठवलं. पुढे मामाची दाढ दुखायला लागली तेव्हा काढायची त्याच डॉक्टरांनी. "भूल जरा हात राखूनच दिली त्यांनी," असं मामा गाल धरून सांगायचा, आणि त्यातही त्याला मजा वाटायची.

असा हा माणूस. त्याने काय केलं ते आता सांगते. यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलं, काही मामीने सांगितलं, आणि बरंचसं त्याने स्वतः, पुष्कळ वर्षांनी.

खोलगट भागाशेजारी एक लाकडी खोली बांधायचं समितीने ठरवलं. आत बाकं, भिंतीत डोळ्यांच्या उंचीवर लांब फट. तिथे बसून लोकांनी टिटव्या बघाव्यात, अशी कल्पना. कल्पना मामाचीच होती. त्याने ती समितीच्या गळी उतरवायला किती बैठका घालवल्या ते मामीला तोंडपाठ होतं. खोली झाली. उद्घाटनाला मोठे साहेब येणार, बातमीदार येणार. फाटकापासून खोलीपर्यंत वाट तेवढी राहिली होती, आणि नेमका आदल्या आठवड्यात पाऊस लागून राहिला.

डॉक्टर म्हणाले, "साहेबांना चिखलातून चालवणार का तुम्ही? रस्त्याच्या कामावरचा रोलर मिळतोय. दोन खेपा मारून घेऊ, वर खडी टाकू."

मामा म्हणाला, "बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रोलर आला. तळहातावर माती वळायची सवय इतकी जुनी, की मामाचा हात आपोआप खाली गेला असणार. पण त्या दिवशी मामाने मातीला हात लावला नाही. हे त्याने मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "वळून बघितली असती तर वात झाली असती, हे मला माहीत होतं. म्हणून वळली नाही. हात खिशात घालून उभा राहिलो." रोलर फाटकापासून खोलीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. खाली माती दबताना वर पाणी सुटत होतं. मग खडी पसरली, फीत कापली गेली, मामाचा फोटो पेपरात आला. मामीने तो कापून फ्रिजवर लावला.

पुढच्या पावसाळ्यात खोलीच्या आसपास पाणी साचायला लागलं. पूर्वीही साचायचं, पण मुरायचं. आता हिरवट शेवाळ धरून तसंच राहिलं. वाटेच्या दोन्ही अंगांना गवत पिवळं पडलं, मग गेलंच. खडी चिखलात बसून दिसेनाशी झाली. टिटव्या आल्या, वरून घिरट्या घातल्या, आरडाओरडा केला आणि उतरल्या नाहीत. पक्षी बघायच्या खोलीत लोक बसून डबे खायचे आणि पक्षी कुठायत म्हणून विचारायचे. मामा सांगायचा, "हे वर्षच तसं आहे."

आणि मग ऐन पावसात एका सकाळी आतलं फाटक उघडं सापडलं, आणि खोलगट भागात गाई.

गाई काकूंच्या होत्या. या काकू म्हणजे नवरा गेल्यावर दुधाच्या जिवावर घर चालवलेली बाई. कुरणाच्या वरच्या, मुरमाड भागात चिखल होत नाही, म्हणून तिथे त्यांच्या गाई पावसातही चरायच्या. ठेंगण्या, बोलायला फटकळ, हसायला लागल्या की थांबता थांबायच्या नाहीत. मामाचं नि त्यांचं चांगलं होतं. मामीकडे दूध त्यांचंच यायचं. सकाळी गाई सोडायचं, जाताना आतलं फाटक लावायचं काम त्यांची लेक करायची आणि मग चष्म्याच्या दुकानात कामाला जायची.

मामा पोचला तेव्हा गाई पोटापर्यंत चिखलाने माखलेल्या, आणि सगळीकडे खुरांचे खड्डे, प्रत्येक खड्ड्यात पाणी. काकू धापा टाकत आल्या. लेकीकडे बघून ओरडल्या, "फाटक लावलं होतंस ना गं?"

"लावलं होतं," लेक म्हणाली.

मामा मला म्हणाला होता, "त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं." गवत का गेलं, टिटव्या का उतरत नाहीत, पाणी का मुरत नाही, हे लोक त्याला सारखं विचारत होते. आता उत्तर चार पायांवर समोर उभं होतं.

समितीची बैठक कुरणातच झाली. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला मामाकडे आले होते, म्हणून गंमत बघायला मीही गेले. डॉक्टर होते, सायकलवाले होते, रोज फिरायला येणारे होते. काकू लेकीला घेऊन एका बाजूला उभ्या होत्या, धुतलेली साडी नेसून, कुणाच्या घरी बोलावणं असावं तशा. मामाने कुदळ, फावडं आणलेलं. "तोंडी सांगत नाही," तो म्हणाला. "खणून दाखवतो. गुरांनी ओली जमीन तुडवली की आत काय होतं ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघा."

त्याने खोलीपासून थोड्या अंतरावर, वाटेच्या कडेला खड्डा घेतला. वरचा थर खुरांनी कालवलेला होता, पण तो चार बोटं खोल, तेवढाच. त्याखाली माती मोकळी, तंतूतंतूंची. मामा खणत गेला. वीतभर खाली कुदळीचा आवाज बदलला. खण्णकन नाही, पण लाकडावर मारल्यासारखा. त्याने हाताने माती बाजूला केली. खाली सपाट, निळसर, पाटीसारखे थर होते, एकावर एक घट्ट बसलेले. वरून आलेली गवताची जुनी मुळं त्या थरापर्यंत येऊन आडवी वळली होती, बंद दारासमोर उभी राहून शेवटी बाजूने निघून गेल्यासारखी.

मामा उकिडवा बसला होता. मी त्याच्या मागेच उभी होते. त्याच्या मानेपासून कानापर्यंत रक्त चढत गेलेलं मी पाहिलं. मला वाटलं, खणून दमला.

खुरं वीतभर खाली असा थर करत नाहीत. गाय चिखल करते, वरचा थर बिघडवते, आणि तो पुढच्या उन्हाळ्यात भेगा पडून आपोआप सुधारतो. असा सपाट, सरळ रेषेत गेलेला थर एकाच गोष्टीने होतो. हे त्या घोळक्यात एकट्या मामाला वाचता येत होतं. बाकीच्यांना नुसती माती दिसत होती.

"काय दिसतंय सांगा की," डॉक्टर म्हणाले.

मामा उठला. हात झटकले. "हेच," तो म्हणाला. "दबलीय. तुडवण झालीय."

"गुरांची?"

"गुरांची."

काकू पुढे आल्या. खड्ड्यात वाकून बघितलं. मला वाटलं आता भांडतील, कारण भांडणात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पण त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "एवढं झालं होय दादा? मला नाही हो कळलं." मग लेकीच्या दंडाला धरून चालायला लागल्या.

समितीने काकूंच्या गाईंना कुरण बंद केलं. खोलगट भागाशेजारी पाटी लागली: 'गुरांच्या तुडवणीमुळे झालेले नुकसान. कृपया आत जाऊ नये.' मजकूर मामाने लिहून दिला, डॉक्टरांनी त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ तपासलं.

विकतचा चारा काकूंना झेपणारा नव्हता. त्यांनी गाई एकेक करून विकल्या. शेवटची गाय नेणारा टेम्पो मामाच्या दारावरून गेला. तेव्हा मामा घरात होता आणि बाहेर आला नाही, हे मामीने बरोबर टिपलं. तिला काही कळलं नव्हतं, पण नवरा बदललाय एवढं दिसत होतं. घरी आला की मोरीत उभा राहून हात धूत बसायचा. जेवताना ताटातलं उगाच इकडचं तिकडे करायचा. फ्रिजवरचा फोटो एक दिवस गायब झाला. मामीने विचारलं तर म्हणाला, "जुना झाला होता." दूध पिशवीचं यायला लागलं, त्या चहाला तो नावं ठेवायचा आणि मग आपणच गप्प व्हायचा.

कुरणात आणखी एक झालं. वरच्या भागात गाई नाहीत, म्हणून गवत गुडघ्याच्या वर गेलं, जून झालं, आडवं पडलं. टिटवीला चारी बाजूंनी लांबवरचं दिसायला हवं असतं. लांब गवतात ती अंडी घालत नाही. दुसऱ्या टोकाला ज्या थोड्या टिटव्या होत्या त्याही उठून गेल्या. म्हणजे आधी मामाने रोलर फिरवून एक भाग मारला, आणि मग ते लपवायला गाई घालवून दुसरा.

उन्हाळा जवळ आला तशी मामाची झोप उडाली. जमीन वाळायला लागली की भेगा पडणार, हे त्याला ठाऊक होतं. पण त्या सगळीकडे पडणार नव्हत्या. जिथे तो थर बसला होता तिथे माती हालणार नव्हती. फाटकापासून खोलीपर्यंत, रोलरच्या रुंदीची, बिनभेगांची सरळ वाट आपोआप उमटणार होती. मग कुणीही, अगदी शाळेतलं पोरसुद्धा, बोट दाखवून विचारेल की गाई अशा ओळीने चालत गेल्या का?

तसंच झालं. सगळं कुरण भेगाळलं आणि मधून तो पट्टा, गुळगुळीत, भाजलेल्या विटेसारखा. मामा रोज सकाळी फाटकाशी उभा राहून येणाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचा. आज कुणीतरी विचारणार. आज नक्की.

कुणी विचारलं नाही. उलट फिरायला येणारे खूश झाले. बाकी कुरणात भेगांत पाय अडकतो, इथे छान चालता येतं. एक आजोबा काठी टेकत टेकत मुद्दाम त्याच्याकडे आले आणि म्हणाले, "राखणदार, वाट मात्र झकास केलीत हो. आमच्या गुडघ्यांचे आशीर्वाद आहेत तुम्हाला."

मामा मला म्हणाला, "कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आशीर्वादाने मला जमिनीत गाडलं."

त्या दिवशी तो घरी आला आणि मामीला समोर बसवून सगळं सांगितलं. मग तिने एकच विचारलं, "काकूंना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?" असं म्हणून ती उठली, आणि दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

काकू तेव्हा एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या होत्या. मामा दुपारी गेला, मागच्या दाराने. काकू जमिनीवर बसून बटाटे सोलत होत्या. शेजारी पाण्याने भरलेलं भलंमोठं पातेलं. त्यांनी मान वर केली, त्याला ओळखलं आणि गडबडीने हात पुसून उठल्या. "दादा, तुम्ही? या की. बसायला काही नाही हो इथे." पालथा डबा पुढे केला.

मामा बसला नाही. उभ्यानेच, डोळे खाली घालून, त्याने सांगितलं. रोलर, ओली माती, खिशात घातलेले हात, खड्ड्यातला थर. "तुमच्या गाईंनी काही केलेलं नव्हतं. त्यांच्या खुरांचं एका उन्हाळ्यात भरून आलं असतं. खड्ड्यात बघितल्या बघितल्या मला कळलं होतं. आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोललो."

काकू हळूच खाली बसल्या.

"म्हणजे माझ्या गाईंनी नव्हतं केलं?"

"नाही."

"मला खरं वाटलं होतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात ना, म्हणून. मातीतलं तुम्हाला कळतं. मी म्हटलं, आपल्या जनावरांनी केवढी नासाडी केली. त्या टिटव्या गेल्या, लोक नावं ठेवतात. तोंड दाखवायची लाज वाटायची मला. कुरणावरून जायला लागू नये म्हणून लांबच्या रस्त्याने येते मी कामाला."

मामाला वाटलं होतं काकू आपल्यावर चिडून असतील, खोटं ओळखून असतील, आणि आपण गेल्यावर भडाभडा बोलतील. त्याची तयारी होती. याची नव्हती. इतके दिवस त्याची लाज ही बाई पदरात घेऊन लांबच्या रस्त्याने चालत होती.

"आणि लेकीशी बोलत नाही मी," काकू पुढे म्हणाल्या. "फाटक तिने उघडं टाकलं असं माझ्या डोक्यात बसलं. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, खोटारडी आहेस, तुझ्यापायी गाई गेल्या. खोली घेऊन राहते आता, त्या दुकानाच्या वर." त्यांनी बटाटा हातात घेतला, पण सोलला नाही. "मला नका सांगू काही. तिला जाऊन सांगा."

"माफी..." मामाने सुरुवात केली.

"ते नंतर बघू," काकू म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "आधी तिच्याकडे जा. आजच जा. आणि इथे उभे राहू नका, आमच्या बाई ओरडतील."

मामा तसाच चष्म्याच्या दुकानात गेला. लेक एका गिऱ्हाइकाला काड्या बसवून देत होती. तिचं काम होईपर्यंत तो आरशांसमोर उभा राहिला. तिथे चहूकडे आरसे, जिकडे बघावं तिकडे स्वतःचंच तोंड. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही.

लेक ऐकता ऐकता एकच काच पुसत राहिली. मग म्हणाली, "काका, फाटक मी उघडं टाकलं होतं."

मामा आरशांकडे पाठ करून तिच्याकडे वळला.

"उशीर झाला होता. कडी नुसती ओढली, अडकवली नाही. आईला खोटं सांगितलं. मग तुम्ही तो खड्डा खणलात, आणि मला वाटलं, संपलं, हे सगळं माझ्यामुळे. आता कबूल केलं तर आई मला जन्मभर माफ करणार नाही. म्हणून नाहीच म्हणत राहिले." तिचे डोळे भरले होते, पण हात चालूच होता. "मी रोज ठरवते, आज जाऊन सांगायचं."

मामा म्हणाला, "फाटक तू उघडं टाकलंस, ते तू तुझ्या आईला सांग. पण जमीन मी मारली. ते ओझं तू उचलायचं नाही. तुझ्या चुकीची किंमत एका पावसाळ्याचा चिखल, बस. बाकी सगळं माझं."

त्या संध्याकाळी ती आईकडे गेली. दोघींत काय बोलणं झालं ते मामाला कधी कळलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. पण पुढच्या महिन्यात दुकानावरची खोली रिकामी झाली.

मग समितीची बैठक. मामाने उभं राहून सांगितलं. सांगताना मध्ये दोनदा पाणी प्यायला. संपवून खाली बसला आणि वाट बघत राहिला. डॉक्टरांनी खाकरून घेतलं. म्हणाले, "अहो, जाऊ द्या. झालं ते झालं. रोलर आम्हीच आणला होता की. तुम्ही उगाच मनाला लावून घेता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी चहा सांगितला.

मामा पुन्हा उठला. "ती वाट बंद करावी लागेल," तो म्हणाला. "निदान काही वर्षं. तिच्यावरून माणूस, सायकल, काही न्यायचं नाही. नवी वाट वरून, मुरमाड भागातून काढू. लांब पडेल. आणि वरच्या भागात गाई परत आणायच्या, वाफसा असेल तेव्हाच, थोड्या थोड्या दिवसांच्या पाळीने. नाहीतर टिटव्या येणार नाहीत."

तेव्हा मात्र सगळे पेटले. एवढी चांगली वाट बंद? म्हाताऱ्यांनी जायचं कुठे? सायकलवाल्यांनी टेबल बडवलं. खोटं बोलला म्हणून एकाचाही आवाज चढला नव्हता. वाट बंद म्हटल्यावर मामाला हटवा इथपर्यंत मजल गेली. आशीर्वाद देणारे आजोबा त्यानंतर त्याच्याशी बोलले नाहीत. मामा म्हणायचा, त्या रागाने त्याला जरा बरं वाटलं. नको त्या गोष्टीसाठी का होईना, कुणीतरी रागावलं.

पण फाटक मामाच्या हातात होतं; वाट बंद झाली. 'गुरांच्या तुडवणीमुळे'ची पाटी मामाने स्वतः स्क्रू फिरवून काढली. तिच्या जागी त्याला लिहायचं होतं की हे नुकसान राखणदाराच्या चुकीमुळे झालं, पण समितीने तसं लावू दिलं नाही, बरं दिसत नाही म्हणाले. पट्ट्याभोवती कुंपण घातलं, खोल मुळं जाणारं गवत पेरलं. पहिल्या उन्हाळ्यात काही दिसलं नाही. पुढे कधीतरी कडेकडेने केसासारख्या बारीक भेगा पडल्या. मामा रोज जाऊन त्यांत गवताची काडी घालून किती खोल गेल्या ते बघायचा. टिटव्या खोलीसमोर परत आल्या नाहीत. वरच्या भागात, दुसऱ्या एका गुराख्याच्या गाईंनी गवत आखूड केल्यावर, तिथे मात्र काही जोड्या उतरल्या. पक्षी बघायची खोली त्यांच्याकडे पाठ करून उभी आहे, अजूनही.

काकूंनी पुन्हा गाई घेतल्या नाहीत. मामाने एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आता वय नाही हो दादा. गेलं ते गेलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला ते ऐकणं जास्त जड गेलं. पण कामाला त्या जवळच्या रस्त्याने जायला लागल्या, कुरणाच्या कडेने. मामा तेव्हा फाटकाशी असला तर दोघं हवापाण्याचं बोलायचे.

मामा निवृत्त झाला तेव्हा समितीने छोटा कार्यक्रम ठेवला. मीही गेले. मामीने काकूंना नि त्यांच्या लेकीला मुद्दाम बोलावलं होतं. त्या मागच्या रांगेत बसल्या. डॉक्टर भाषणाला उभे राहिले. वय झालेलं, आवाज अजून खणखणीत. म्हणाले, "इतकी वर्षं या माणसाने कुरण राखलं, पण एकदा, एकदासुद्धा मातीच्या बाबतीत यांचा अंदाज चुकला नाही!"

टाळ्या पडल्या. मामा खुर्चीत बसल्या बसल्या खाली बघत होता. त्याला उठून काही बोलावंसं वाटत होतं, पण बोलायचं ते एकदा याच लोकांसमोर बोलून झालं होतं आणि ते कुणाच्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. काकू. आधी तोंडावर हात ठेवून, मग तो हात काढून, अगदी पोटापासून. लेक त्यांना गप्प करत होती आणि करता करता तिलाही हसू फुटलं. सगळे माना वळवून बघायला लागले. डॉक्टर गोंधळून चष्मा सारखा करू लागले.

मामाने मान वर केली. सगळ्या सभागृहात जे घडलं ते आठवणारं कुणीतरी तिथे बसलेलं होतं. त्याने काकूंकडे बघून हात जोडले, कपाळापर्यंत नेले, आणि तसेच धरून ठेवले. काकूंनी हसता हसताच डोळे पुसले आणि 'बसा, बसा' अशी हाताने खूण केली.